डाव्या दंडाचं माप

दि. १८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे, तूही बरी असशील, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे तू फोन उचलत नाहीस आणि माझं डोकं फुटायची वेळ आली आहे, म्हणून हे पत्र. पत्र तरी तू वाचशील. दुकानात आलेला कुठलाही कागद तू आधी वाचतेस आणि मगच त्याच्या पाठीवर कोणाच्या तरी बाह्यांची लांबी लिहितेस.

बाबांची खबर आधी. वाफेचा पाइप फुटला त्याला आज सतरा दिवस झाले. ताप शंभराच्या वर आहे तो आहेच, नाडी एकशे वीस. छाती, पोट आणि उजवा हात अजून पट्ट्यांत. नाकातून पोटात जाणारी नळी त्यांना आवडत नाही आणि ते दर तासाला कोणाला तरी पकडून तसं सांगतात. परवा, वीस तारखेला, मोठं ऑपरेशन आहे. मांडीची कातडी काढून छातीवर लावणार. ती धरली की पुढचं सोपं. नाही धरली तर जखम उघडी राहणार, आणि उघड्या जखमेत जंतू शिरायला किती वेळ लागतो ते मी तुला लिहीत नाही.

तू कुठे आहेस असं त्यांनी दोनदा विचारलं. मी सांगितलं, शाळेचे गणवेश आलेत शिवायला. फेब्रुवारीत कुठली शाळा गणवेश शिवते, असं ते म्हणाले नाहीत, पण बघितलं तसंच.

माझं काम काय ते मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. आहारतज्ज्ञ म्हटलं की लोकांना वाटतं, ही जाड माणसांना काकडी खायला सांगत असेल. जळितांच्या वॉर्डात सगळं उलटं असतं. साधा उपाशी माणूस असला ना, तर त्याचं शरीर काटकसर करतं, साठवलेलं पुरवून पुरवून वापरतं. एवढं भाजलेल्याचं शरीर काटकसर विसरतं. ते जवळपास दुप्पट जाळायला लागतं. चरबी जाळतं, तेवढ्याने भागत नाही म्हणून स्वतःचं मांस मोडून त्याची साखर करतं. खाटेवर न हलता पडलेला माणूस आतून दिवसभर धावत असतो. त्याला दीड-दोन माणसांचं अन्न लागतं, त्यात प्रथिनं भरपूर, नाहीतर जखम भरायला माल कुठून यायचा? बाबांना हे समजावून सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे बॉयलर फुल पेटलाय आणि कोळसावाला संपावर." तीस वर्षं बॉयलर सांभाळलेल्या माणसाला यापेक्षा जास्त शिकवायची गरज नाही.

आणि इथे कोळसावाला खरंच संपावर आहे. मी नळीतून किती अन्न जायला हवं ते लिहून देते. सकाळी जखम साफ करायला नेणार म्हणून ते पहाटेपासून बंद. अकरा वाजता कळतं, आज थिएटर रिकामं नाही. मग परत चालू करायची कोणाला तरी आठवण व्हावी लागते. तेवढ्यात पट्ट्या बदलायची वेळ होते, पुन्हा बंद. वॉर्डच्या सिस्टरना बोलले तर त्या म्हणतात, सर्जनबाईंना विचारा. सर्जनबाई म्हणतात, भूलवाल्यांना विचारा. भूलवाले जेवायला गेलेले असतात. ते वेळेवर जातात.

आता तुझ्या रागाचं. मी सगळ्यांसमोर आवाज चढवला हे मान्य. पण तूही सर्जनबाई राउंडला आलेल्या असताना मध्येच म्हणालीस, "यांचा दंड इंचभर उतरलाय, यांना खायला घालताय की नाही?" त्या प्रश्नाचं उत्तर देणारी मी होते ना. पाठीमागून बांधायचे ते सदरे तू शिवून आणलेस, त्यासाठी दोनदा मापं घेतलीस, सगळ्या सिस्टरनी तुझं कौतुक केलं, मीही केलं. पण वजनाचं काम काट्याचं आहे. बाबा आले तेव्हा एकाहत्तर किलो होते, पंधरा तारखेला सत्तर. एका किलोचा फरक. काटा खाटेलाच बसवलेला आहे, तो कोणती मुलगी शिकलेली आणि कोणती नाही ते बघत नाही.

तू दिलेला मापांचा कागद माझ्याकडे आहे. नीट ठेवला आहे.

तुझी टेप खाटेच्या गजाला लटकत राहिली. पिवळी, एका टोकाची पत्री निघालेली. पाठवून देऊ का, कळव.

तुझी
धाकटी बहीण


दि. २ मार्च

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज खाली टपालाच्या टेबलावर विचारत होते. तिथला माणूस आता मला बघितलं की लांबूनच मान हलवतो.

कातडी धरली नाही. पाचव्या दिवशी पट्ट्या सोडल्या तर निम्म्याहून जास्त सुटून आली होती. खाली जखम फिकट, ओली, जशीच्या तशी. सर्जनबाईंनी हातमोजे काढले, खिडकीपाशी गेल्या आणि परत आल्या. बाबांनी विचारलं, "शिलाई उसवली का?" त्यांना मी हो म्हटलं.

आणि आता वजन छप्पन्न आहे.

सत्तरवरून छप्पन्न, दोन आठवड्यांत. रोज काट्यावर आकडा खाली. आधी मला वाटलं काटा बिघडला. दुरुस्तीवाल्याला बोलावलं, त्याने वजनाचे ठोकळे ठेवून दाखवलं, काटा ठीक होता. मग कारखान्यात फोन केला. तिथे जानेवारीत सगळ्यांची तपासणी झाली होती, त्यात बाबांचं वजन त्रेसष्ट. म्हणजे ते इथे एकाहत्तर होऊन आले ते पाणी होतं. भाजल्यावर पहिल्या दिवशी बाटल्यांवर बाटल्या सलाइन द्यावं लागतं, ते अंगात मुरतं, सूज येते. इथे आणण्याआधी ज्या छोट्या हॉस्पिटलमध्ये नेलं होतं, त्यांनी ते दिलं होतं, आणि मला कोणी सांगितलं नाही. वर पट्ट्यांचं वजन वेगळंच. सूज उतरली आणि खाली काय शिल्लक आहे ते दिसलं. गालाची हाडं वर आलीत. हनुवटीखाली सैल कातडी. सदऱ्याच्या नाड्या पाठीमागे एकमेकींवर जाऊन उरतात.

मग मी बसून सगळे तक्ते काढले. दर तासाला नळीतून किती गेलं ते सिस्टर लिहितात. लिहितात सगळे, बेरीज कोणी करत नाही. मी केली. ऑपरेशनआधीच्या चौदा दिवसांत मी सांगितलेलं पूर्ण अन्न त्यांना फक्त तीन दिवस मिळालं. बाकीचे दिवस अर्धं, एक दिवस तर पावही नाही. तो कागद घेऊन मी सर्जनबाईंकडे गेले आणि भांडले. थिएटर पक्कं झाल्याशिवाय नळी बंद करायची नाही, आणि बंद राहिली त्याची भरपाई उरलेल्या तासांत करायची, असा नियम वॉर्डात लावून घेतला. सिस्टर आता माझ्याशी कामापुरतं बोलतात. बोलू देत.

नळी परवा काढली. आता तोंडाने खायचं, आणि ते खात नाहीत. उकडलेली अंडी, दूध, पावडर घातलेली लापशी, दर दोन तासांनी थोडं थोडं, सगळं माझ्या तक्त्यात फार सुंदर बसतं. बाबा एक घास घेतात आणि म्हणतात, तोंडात लाकडाचा भुसा भरल्यासारखं वाटतं. खोटं नाही ते, ताप असला की चव जातेच. पण मी काल चिडले. म्हटलं, "बाबा, तुम्हाला मरायचंय का?" बाजूच्या खाटेवरच्या आजोबांनी घाईघाईने आपलं अंडं तोंडात घातलं.

बाबा म्हणाले, "तुझ्या ताईने कधी असं विचारलं नाही. ती नुसती बसायची समोर. तिचं लक्ष शिवणात आणि माझं बशीत."

मला तेव्हा काय वाटलं ते लिहायला बसले तर हे पत्र संपणार नाही. मला तुझा राग आला, एवढंच लिहिते. रोज जाऊन उभी राहते ती मी, भांडते ती मी, आणि आठवण येते ती तुझी. तू बारा-तेरा दिवस होतीस आणि निघून गेलीस.

मी तुला जे बोलले त्यामुळे गेलीस हे मला कळतं. आवाज चढवला, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. आवाजाचा प्रश्न नव्हता, हेही कळतं.

कागदाबद्दल आत्ता नको. टेप अजून इथेच आहे.

तुझी
धाकटी


दि. ७ मार्च

ताई,

हे कुरिअरने पाठवते आहे, म्हणजे सोमवारी तुझ्या हातात पडेल. दुकान बंद करून बसून वाच. किंवा मशीनवर बसून वाच, तू तशीच वाचशील.

मी तुला म्हणाले होते, "ताई, हे शिवणकाम नाही. ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नये." सर्जनबाईंसमोर, सिस्टरसमोर, बाबांच्या पायथ्याशी उभी राहून. मागच्या दोन पत्रांत मी या वाक्याला वळसा घालून गेले, आता लिहून टाकलं. टेप गजावर टाकलीस आणि कॉरिडॉरमध्ये येऊन मला तो कागद दिलास. म्हणालीस, "माझं नको ऐकूस. हे डॉक्टरांना दाखव, मग मी जाते."

मी तो दाखवला नाही.

ठेवला आहे, नीट ठेवला आहे, असं लिहीत होते. तो माझ्या एप्रनच्या खिशात होता. एप्रन धुवायला टाकताना काढायचे आणि दुसऱ्या एप्रनच्या खिशात घालायचे. फेकलाही नाही आणि दाखवलाही नाही. डिलिव्हरी चलनाच्या पाठीवर तुझं अक्षर. डावा दंड: चार तारखेला अकरा, चौदाला दहा. पोटरी: साडेतेरा, साडेबारा. आणि खाली, "पावलं फुगलीत. बोट दाबलं की खड्डा राहतो. हे पाणी आहे, अंग नाही. वजनावर जाऊ नका."

सगळं तिथे होतं, ताई. मला दुरुस्तीवाला बोलावून, कारखान्यात फोन करून, तक्त्यांच्या बेरजा करून जे दोन आठवड्यांनी कळलं, ते तू ऑपरेशनच्या सहा दिवस आधी चलनाच्या पाठीवर लिहून दिलं होतंस. छोट्या हॉस्पिटलने सांगितलं नाही असं मी तुला लिहिलं. मी विचारलंच नव्हतं. आलेल्या माणसाला किती सलाइन दिलं हे विचारायचं, नेहमीचं वजन किती ते घरच्यांना विचारायचं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. घरची मीच होते, म्हणून मला कोणाला विचारावंसं वाटलं नाही. आणि तू कागद दिल्यावरही नाही, कारण तुझं बरोबर निघालं असतं तर माझं सगळ्यांसमोर चुकलं असतं. एवढंच कारण. दुसरं चांगलं कारण शोधून बघितलं, सापडलं नाही.

ऑपरेशन पुढे ढकलून आधी त्यांना आठवडाभर नीट खायला घातलं असतं, तर कातडी धरली असती का? सर्जनबाई म्हणतात, सांगता येत नाही. त्या चांगल्या आहेत म्हणून म्हणतात.

काल मी तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला. विचारलं, "कोणी मोजलं हे?"

म्हटलं, "माझ्या बहिणीने. ती शिंपी आहे."

"चौदा तारखेला मोजलंय. आणि तू आज दाखवतेस?"

रागावतील असं वाटलं होतं. त्या सरळ कामाचं बोलल्या. म्हणाल्या, काट्यावर माझाही विश्वास उरला नाही, पट्ट्या बदलल्या की आकडा बदलतो. मला हे माप हवं आहे. त्याच टेपने, त्याच जागी, त्याच हाताने. या बुधवारी एकदा आणि पुढच्या बुधवारी एकदा. दंड उतरायचा थांबला असेल तर अठराला, त्याच दिवशी, दुसरं ऑपरेशन करते. अजून उतरत असेल तर या शरीराला मी पुन्हा हात लावणार नाही, थांबेन. पण जखम फार दिवस थांबणार नाही, हे तुलाही माहीत आहे.

मी म्हटलं, मी घेते माप. टेप आहे माझ्याकडे.

आज सकाळी घ्यायला गेले. पहिल्यांदा आलं नऊ आणि एक अष्टमांश. दुसऱ्यांदा पावणेनऊ. तिसऱ्यांदा साडेनऊ, तेव्हा मला क्षणभर आनंदसुद्धा झाला. खांद्यापासून किती खाली धरायचं, किती आवळायचं, हात ताठ की सैल, काही कळेना. तू कागदावर "डावा दंड" एवढंच लिहिलंस. कुठे, ते तुझ्या बोटांना माहीत आहे.

बाबा सगळं बघत होते. म्हणाले, "तुला टेप धरता येत नाही. तिला बोलव."

मी म्हटलं, "बाबा, गणवेशांचं काम—"

"गणवेश जूनमध्ये. मी भाजलो होतो, बहिरा झालो नव्हतो. काय बोललीस तेही ऐकलंय मी." मग जरा दम खाऊन म्हणाले, "लहान होतीस तेव्हा तुझी वाढ काट्यावर कळली होती का?"

ते मी विसरले होते, ताई. विसरले म्हणजे आठवायचं टाळत होते. आई गेल्यावर तू शाळा सोडून मशीनवर बसलीस तेव्हा मी दहाची होते. दर तीन महिन्यांनी मला स्टुलावर उभी करून फ्रॉकचं माप घ्यायचीस. एका वर्षी दोनदा तेच माप आलं. बाबा म्हणाले, कापड वाचलं, बरं झालं. तू मात्र मला हाताला धरून दवाखान्यात नेलंस आणि डॉक्टरांना म्हणालीस, "ही वाढत नाहीये, फ्रॉकवरून सांगते." डॉक्टर हसले, पण तपासलं. पोटात जंत निघाले आणि रक्त अर्धं. त्यानंतर वर्षभर तू मला भरवलंस. समोर बसून, शिवत शिवत, कधी न ओरडता. छटाकभर पोर म्हणून छटाक हे नाव तूच ठेवलंस आणि मोठी करून तूच ते खोटं पाडलंस. मी या विषयात शिकायला गेले ते का गेले, हे मुलाखतीत मला विचारलं होतं. मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं होतं.

आणि त्याच टेपला मी वॉर्डात सगळ्यांसमोर काय म्हणाले.

मला माफ कर असं लिहून झालं की आपलं काम झालं असं वाटायला लागतं, म्हणून ते इथे लिहीत नाही. समोर म्हणेन. तू त्यानंतर माझ्याशी बोललीच पाहिजेस असं नाही. बाबांच्या खाटेच्या डाव्या बाजूला तुझं स्टूल ठेवलं आहे. वॉर्डातले त्यावर फायली ठेवतात आणि मी त्या उचलते, सकाळपासून चार वेळा उचलल्या.

आज त्यांनी दोन अंडी खाल्ली आणि सगळं दूध प्यायले. मी काही बोलले नाही. समोर बसले आणि तुझ्या सदऱ्याची एक सुटलेली नाडी शिवत राहिले. वाकडी शिवली आहे. तू उसवशील.

नव्या तक्त्यावर एक नवीन रकाना आखला आहे. "माप घेणार" असं वर लिहून त्याखाली लिहिलं आहे: रुग्णाची मोठी मुलगी, शिंपी. सर्जनबाईंनी त्यावर सही केली आणि खाली मी केली. बुधवारची तारीख टाकली आहे, आकड्याची जागा रिकामी आहे. माझे तिन्ही आकडे मी खोडून टाकले.

टेप पाठवणार नाही. येऊन घे.

तू मोजशील तेच लिहीन,
छटाक